परतीचे ऋण

घर सोडून गेलेल्या तरुणाने परत यावे, ही अपेक्षा आपल्या समाजात इतकी रुळलेली आहे की तिच्यात काही नैतिक प्रश्न दडला आहे, हे पुष्कळदा कोणाच्या ध्यानातही येत नाही. परत येणारा तो कर्तव्यदक्ष व न येणारा तो कृतघ्न, असा सरळ हिशेब आपण मांडतो आणि मोकळे होतो. परंतु ज्या उंबरठ्यावरून एक मुलगा बाहेर पडला, त्याच उंबरठ्यावरून दहा-पंधरा वर्षांनी जो आत येतो तो तोच मुलगा असतो काय? आणि तो तसा नसेल, तर घराने स्वागत कोणाचे करावयाचे? जो गेला त्याचे, की जो आला त्याचे? या प्रश्नाचा विचार करण्यास आम्ही दोन चित्रपटांचे निमित्त घेणार आहोत. एक, आशुतोष गोवारीकर यांचा २००४ सालचा 'स्वदेस' हा हिंदी चित्रपट. आणि दुसरा, रोहन परशुराम कानवडे यांचा २०२५ सालचा 'साबर बोंडं' हा मराठी चित्रपट. पहिल्याची भाषा हिंदी असली तरी त्याचा कर्ता कोल्हापूरचा, आणि त्यातील खेडे कथेत उत्तर प्रदेशातले असले तरी ते पडद्यावर उभे राहिले ते वाईजवळच्या कृष्णाकाठच्या मेणवलीत. तेव्हा त्यास परका म्हणण्याचे कारण नाही.

आमच्या सेलूसारख्या गावास परतीचा प्रश्न नवा नाही. मनमाडहून हैदराबादेकडे जाणारा लोहमार्ग सुमारे सव्वाशे वर्षांपूर्वी या भागातून गेला, आणि कापसाच्या गाठींबरोबर माणसेही बाहेर जाऊ लागली. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात शिकावयाचे तर माध्यम उर्दू. आणि मराठवाड्यास स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. तेव्हा उच्च शिक्षण म्हणजे घर सोडणे, हे समीकरण आमच्याकडे कित्येक पिढ्यांचे आहे. पूर्वी हैदराबाद, मग औरंगाबाद, आता पुणे, मुंबई आणि समुद्रापलीकडचे देश, एवढाच काय तो फरक. महालक्ष्म्यांच्या सणास गेलेली मुले घरी येतात. ओसरीवर बसलेली वडीलधारी मंडळी पहिला प्रश्न विचारतात, "किती दिवस राहणार?" आणि पहिल्या चहाचा कप रिकामा होण्यापूर्वी दुसरा प्रश्न येतो, "मग, लग्नाचं काय ठरवलंस?" या दोन प्रश्नांत घराच्या साऱ्या अपेक्षा सामावलेल्या असतात. आमच्या पुढील दोन्ही चित्रपटांचे नायक याच दोन प्रश्नांना सामोरे जातात, हे वाचकांनी लक्षात ठेवावे.

चित्रपटांकडे वळण्यापूर्वी आमच्याच परिसरातील दोन जुन्या कथांचे स्मरण करणे उपयोगाचे होईल. शेजारच्या जालना जिल्ह्यातील जांब हे समर्थ रामदासांचे जन्मगाव. परंपरा असे सांगते की, बारा वर्षांचा नारायण बोहल्यावरून निघून गेला तो तप आणि तीर्थाटन आटोपून सुमारे चोवीस वर्षांनी दाराशी आला. आईची दृष्टी गेलेली होती. दारात कोणी भिक्षेकरी उभा आहे असे तिला वाटले. मग ओळख पटली आणि घर धन्य झाले. दुसरी कथा गोदावरीकाठच्या आपेगावच्या विठ्ठलपंतांची. त्यांनी काशीस जाऊन संन्यास घेतला. घरी पत्नी आहे असे कळताच गुरूंनी त्यांस परत पाठविले, आणि ते आज्ञेप्रमाणे परतले. परंतु आळंदीच्या समाजाने त्यांस वाळीत टाकले, आणि त्या बहिष्काराचे फळ त्यांच्या चार लेकरांस भोगावे लागले. त्या लेकरांत एक ज्ञानदेव होते. या दोन कथांमध्ये परत येणारा मनुष्य काही कमीअधिक सज्जन नाही. भेद आहे तो ज्यांच्याकडे तो परत आला त्यांच्यात. पहिल्या कथेत परीक्षा जाणाऱ्याची झाली. दुसऱ्या कथेत परीक्षा झाली ती आळंदीची, आणि आळंदी त्या परीक्षेत उतरली नाही.

आता 'स्वदेस' घ्या. मोहन भार्गव हा अमेरिकेतील नासा या संस्थेत पर्जन्यमापनाच्या एका मोठ्या उपक्रमावर काम करणारा तरुण शास्त्रज्ञ. आईबापांच्या मृत्यूनंतर त्याचे घर असे काही उरलेले नाही. उरली आहे ती त्यास लहानपणी वाढविणारी कावेरी अम्मा. तिला आपल्याबरोबर घेऊन जावे म्हणून तो येतो, आणि चरणपूर नावाच्या खेड्यात बालपणीच्या गीतेस भेटतो. गीता दिल्लीत शिकलेली, खेड्यात शाळा चालविणारी. या कथेचा मर्मबिंदू आमच्या मते प्रेमप्रसंगात नाही. गीतेच्या जमिनीचा खंड थकला आहे म्हणून मोहन दूरच्या गावी वसुलीस जातो. तेथे कुळाचे दारिद्र्य तो डोळ्यांनी पाहतो, आणि परतीच्या वाटेवर एका स्थानकात एक लहान मुलगा चार आण्यांस पाणी विकताना त्यास दिसतो. इतके दिवस बाटलीतले पाणी पिणारा मोहन त्या मुलाच्या हातचे पाणी पितो. धनको होऊन गेलेला मनुष्य ऋणको होऊन परततो. यानंतर तो गावकऱ्यांस बरोबर घेऊन झऱ्याच्या पाण्यावर वीज निर्माण करतो, अमेरिकेस जाऊन हाती घेतलेले काम पुरे करतो, आणि मग कायमचा परत येतो. अंगावरचे काम अर्धवट टाकून तो पळून येत नाही, ही गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. एक ऋण बुडवून दुसरे फेडता येत नाही.

'साबर बोंडं'चा नायक आनंद याच्याजवळ यांतले काहीच नाही. तो मुंबईत दूरध्वनी-केंद्रात नोकरी करणारा, तिशीच्या घरातील मुलगा. वडील वारतात, आणि दहा दिवसांच्या सुतकासाठी आईबरोबर त्यास मूळ गावी यावे लागते. हे गाव अहिल्यानगर जिल्ह्यातील संगमनेरच्या बाजूचे. दिग्दर्शकाचेही तेच मूळ गाव, आणि स्वतःच्या पित्याच्या मृत्यूनंतर आलेल्या अनुभवातून त्यांनी ही कथा बांधली आहे. सुतकाचे नियम कडक असतात. पायांत वहाणा घालावयाच्या नाहीत, अमुक खावयाचे नाही, तमुक नेसावयाचे नाही. आनंद ते सारे पाळतो. परंतु जमलेले नातलग शोकाच्या जोडीनेच त्याच्या लग्नाचा विषय काढतात, आणि आनंदाची अडचण अशी की त्याचे मन स्त्रीकडे ओढ घेणारे नाही. बालपणीचा सोबती बाळ्या गावातच शेतीभाती व जनावरे सांभाळून आहे. त्याच्याही मागे लग्नाचा लकडा आहे आणि तोही टाळाटाळ करीत आहे. या दोघांमध्ये त्या दहा दिवसांत जे उमलते, ते या चित्रपटाचे कथानक. निवडुंगाची तांबडी फळे बाळ्या आपल्या मित्रासाठी आणतो. त्या फळाचे काटे इतके बारीक असतात की ते काढून देण्यास हात सरावाचे आणि मन मायेचे असावे लागते. यावरून चित्रपटास हे नाव का दिले, ते सांगावयास नको. शेवट आम्ही येथे सांगत नाही; ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांच्या आनंदात आम्ही विघ्न का आणावे? अमेरिकेतील सनडान्स महोत्सवात २०२५ साली जागतिक कथापटांच्या विभागातील परीक्षकांचे सर्वोच्च पारितोषिक त्यास मिळाले, एवढे मात्र नमूद करितो.

दोन्ही कथांचा सांगाडा एकच आहे. नगरवासी तरुण, आईबापांचा मृत्यू, मागे राहिलेली आईच्या ठिकाणची स्त्री, बालपणीचे माणूस पुन्हा भेटणे, त्यातून प्रेम, आणि शेवटी जावे की राहावे हा निर्णय. असे असूनही दोहोंचा नैतिक भार अगदी निराळ्या ठिकाणी पडतो. 'स्वदेस'मध्ये प्रेम आणि कर्तव्य एकाच वाटेने चालतात. गीतेवर प्रेम करणे म्हणजे तिच्या शाळेवर, तिच्या गावावर आणि पर्यायाने देशावर प्रेम करणे होय. मोहनास त्याग करावा लागतो तो पगाराचा आणि सुखसोयींचा. स्वतःच्या प्रकृतीचा नव्हे. गाव त्यास म्हणते, 'तू जसा आहेस तसा ये, आणि आमच्यासाठी काही कर.' 'साबर बोंडं'मध्ये प्रेम आणि लौकिक कर्तव्य यांच्या वाटा फुटलेल्या आहेत. येथे गाव म्हणते, 'तू काही केले नाहीस तरी चालेल, पण आम्ही सांगतो तसा हो.' पहिली मागणी श्रमाची आहे. दुसरी मागणी खोटेपणाची आहे. या दोन मागण्यांमधील भेद ओळखणे, हेच आमच्या मते या दोन चित्रपटांच्या तुलनेचे सार.

येथे आपल्या शास्त्राचा आधार घेऊन एक आक्षेप येईल, व त्याचा विचार टाळणे योग्य नव्हे. मनुष्य तीन ऋणे घेऊन जन्मास येतो असे वैदिक वाङ्मय सांगते: ऋषींचे, देवांचे आणि पितरांचे, आणि पितृऋण फिटते ते संततीने. मग जो मुलगा पित्याच्या सुतकात बसूनही लग्नास नकार देतो, तो पित्याचे ऋण बुडवितो असे का म्हणू नये? आक्षेप वजनदार आहे, कारण तो घराघरांतून केला जातो आणि पुष्कळदा मायेपोटी केला जातो. मूल एकटे पडेल, म्हातारपणी त्यास कोण पाहील, ही आईबापांची काळजी खोटी नसते. परंतु आनंदाच्या कथेत एक गोष्ट अशी आहे की जिच्यापुढे हा आक्षेप टिकत नाही. त्याच्या वडिलांना मुलाची प्रकृती ठाऊक होती आणि त्यांनी ती स्वीकारलेली होती. आईसही ठाऊक आहे, आणि नातलगांपुढे ती त्याची बाजू सावरून धरते. म्हणजे ज्या पित्याच्या नावाने ऋण मागितले जात आहे, त्या पित्याने ते मागितलेलेच नव्हते. मागणारे आहेत ते इतरच. आणि धनकोने न मागितलेले कर्ज तिऱ्हाइताने वसूल करावे, हे कोणत्या न्यायात बसते?

शिवाय संततीने ऋण फिटते म्हणजे काय फिटते, याचाही विचार केला पाहिजे. पित्याने मुलाचे पालन केले, मुलाने पुढच्या जिवाचे पालन करावे, असा त्यातील भाव आम्ही घेतो. तो भाव खरा असेल, तर एका अजाण मुलीस फसवून तिच्या गळ्यात आपले खोटे आयुष्य बांधणे हे ऋणाची फेड नसून नवे, आणि कधीही न फिटणारे, ऋण काढणे होय. लग्नाचा आग्रह धरणारी वडीलधारी मंडळी आपल्या मुलाचा विचार करतात. ज्या घरची मुलगी आणावयाची तिचा विचार कोण करतो? आपल्याच घरी मुलगी असलेल्या बापाने हा प्रश्न स्वतःस विचारून पाहावा. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अशा संबंधांवरील फौजदारी कलंक पुसून टाकला. १७ ऑक्टोबर २०२३ रोजी मात्र अशा जोडप्यांच्या विवाहास मान्यता देण्यास त्याच न्यायालयाने नकार दिला. कायद्याचे पाऊल कोठे थांबावे, हा वाद चालूच राहील. परंतु घराचा न्याय कायद्यावर अवलंबून नसतो. पोराच्या पानात भाकरी वाढताना कोणी कलम वाचीत नाही.

आणखी एक भेद आम्हांस अस्वस्थ करणारा वाटतो. चरणपूरच्या पंचायतीत मोहन उठून जातिभेदाविरुद्ध, अडाणीपणाविरुद्ध बोलतो, आणि गाव कुरकुरत का होईना पण ऐकते. आनंदास सुतकात वहाण न घालण्यापलीकडे कोणत्याही गोष्टीत मत विचारले जात नाही. मोहनाच्या शब्दास वजन कशाने आले? तो अधिक विचारी होता म्हणून की तो अमेरिकेहून आला होता म्हणून? परतणाऱ्याच्या हातात काय आहे हे पाहून त्याच्या तोंडातील शब्दाची किंमत ठरविणे, हा आपल्या गावांचा जुना रोग आहे. मोटारीतून उतरलेल्या पुतण्याचा विक्षिप्तपणा खपतो; गाडीच्या साध्या डब्यातून उतरलेल्या पुतण्याचा साधा नकारही उर्मटपणा ठरतो. 'स्वदेस'कर्त्याने हा रोग पाहिला असता तर त्याचे चित्र अधिक खोल झाले असते असे आम्हांस वाटते. तीन तासांहून मोठ्या त्या चित्रपटात गाव शिकते, पण ते आपल्या उपकारकर्त्याकडून शिकते. दोन तासांहून लहान असलेल्या, पार्श्वसंगीताचाही आधार न घेणाऱ्या 'साबर बोंडं'त शिकविणारा कोणीच नाही. तेथे प्रेक्षकासच गावाच्या जागी बसविले आहे.

जे गेलेच नाहीत त्यांचे काय? परतीच्या कथा नेहमी परतणाऱ्याच्या असतात; मागे राहिलेला मनुष्य त्यास मिळालेल्या बक्षिसासारखा कोपऱ्यात उभा असतो. ख्रिस्ती शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या दृष्टांतात थोरल्या भावाची तक्रार आहे, ती याच अन्यायाची. या बाबतीत आपली परंपरा अधिक उदार दिसते. समर्थ घर सोडून गेले, त्यांचे वडील बंधू गंगाधरपंत घरी राहिले, संसार आणि आई दोन्ही सांभाळली, आणि संप्रदायाने त्यांस नाव दिले ते 'श्रेष्ठ'. या कसोटीवर दोन्ही चित्रपट बरेच उतरतात, असे कबूल केले पाहिजे. गीता ही मोहनाची वाट पाहणारी नायिका नाही. ती त्याच्या आधीच शहर सोडून आलेली आहे. कावेरी अम्मास वृद्धाश्रमातून आपल्याकडे आणणारीही तीच. नोकरी सोडण्याची अट घालणारे स्थळ तिने नाकारलेले आहे. बाळ्याही आनंदाची छाया नाही. शहरात जाऊन स्वतःस लपविण्याची जी सोय आनंदास मिळाली, ती बाळ्यास कधीच नव्हती. तो त्याच माळावर, त्याच माणसांत, रोज स्वतःशी प्रामाणिक राहण्याची धडपड करीत आला. दोघांत धीराचा कोण, हे ठरविताना आम्ही तरी बाळ्याच्या बाजूने कौल देऊ.

तथापि दोन्ही कथांत परतणारा पुरुष आहे, हे विसरता येत नाही. बाईच्या परतण्यास आपल्या भाषेत माहेरपण हा किती गोड शब्द आहे! पण त्याची गोडी आठ-पंधरा दिवसांची असते. तीच मुलगी सासर सोडून कायमची दारात उभी राहिली की शब्द बदलतात, ओसरीवरचे आवाज खाली येतात, आणि 'किती दिवस राहणार?' या प्रश्नाचा सूरही पालटतो. मुलास विचारताना त्यात 'थांब ना' अशी विनवणी असते. मुलीस विचारताना त्यात 'जाणार कधी?' असा धाक असतो. घराची खरी परीक्षा याच ठिकाणी होते. जे घर परतलेल्या मुलीस जागा देत नाही, ते परतलेल्या मुलास देते ती जागा प्रेमाची नव्हे, हिशेबाची समजावी. असे घर आपल्या पडद्यावर जितके यावयास हवे तितके आलेले नाही.

सारांश, परतीचे ऋण एकतर्फी नाही. घराने वाढविले, शिकविले, गाडीभाडे दिले. म्हणून परतणाऱ्यावर घराचा हक्क आहे. आजारपणात उशाशी बसणे, मृत्यूनंतर अनवाणी चालणे, आपल्या हातची विद्या ज्या मातीतून निघाली तिच्या उपयोगी पाडणे, हे मागण्याचा घरास अधिकार आहे, आणि ते देण्यास जो टाळाटाळ करील त्याचा कैवार आम्ही घेणार नाही. मोहन भार्गव हे ऋण फेडतो म्हणून तो आम्हांस प्रिय आहे. परंतु ज्या क्षणी घराने मुलास बोट धरून उंबरठ्याबाहेर जाऊ दिले, त्याच क्षणी घरानेही एक वचन दिलेले असते: तू जो होऊन येशील त्यास हे दार उघडेल. हे वचन कागदावर नसते, म्हणून ते मोडणे सोपे जाते. आनंदाच्या पित्याने ते पाळले. तो काही शिकलासवरलेला तत्त्ववेत्ता नव्हता. तरीही आळंदीच्या पंडितांस जे साधले नाही ते त्यास साधले. महालक्ष्म्यांच्या सणास मुंबईची गाडी सेलूस थांबेल, तेव्हा तिच्यातून असे कोणी ना कोणी उतरेलच, की ज्याचे उत्तर आपल्या दुसऱ्या प्रश्नात बसणारे नाही. त्यास पहिला प्रश्न मात्र अवश्य विचारावा. आणि तो म्हणेल तितके दिवस त्यास राहू द्यावे.